पतीची संमती म्हणजे पतीचे कर्ज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चालू गृहकर्ज एका वित्तसंस्थेकडून कमी व्याजाच्या बँकेत हलवण्यासाठी मी गेल्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर असे चार महिने खटपट केली आणि ती फुकट गेली. माझा पगार, माझी परतफेड किंवा घराची कागदपत्रे यांत काही उणे निघाले असते, तर मी निमूट बसले असते. परंतु अर्ज केलेल्या तीनही बँकांत कारण एकच निघाले, ते म्हणजे माझ्या यजमानांचा सिबिल स्कोअर, अर्थात कर्जफेडीच्या जुन्या नोंदींवरून काढलेला पतगुण. हे कर्ज मी एकटीच्या नावावर मागत होते आणि हप्ताही माझ्या एकटीच्या पगारातून जाणार होता. तरीही, गोव्याच्या कायद्याप्रमाणे घरात यजमानांचा अर्धा वाटा असल्यामुळे त्यांची सही लागते, सही लागते म्हणून त्यांना सहकर्जदार करावे लागते, आणि सहकर्जदाराचा स्कोअर पडलेला असल्यामुळे कर्ज मिळत नाही, अशी साखळी माझ्यापुढे मांडली गेली. या साखळीतली मधली कडी कायद्याने घातलेली नसून बँकांनी आपल्या सोयीसाठी घातलेली आहे, असे माझे म्हणणे आहे. ही अडचण माझ्या एकटीची नसल्यामुळे आपल्या वृत्तपत्रातून ते मांडण्याची परवानगी घेते.

मी फोंडा तालुक्यातील एका अनुदानित माध्यमिक विद्यालयात शिक्षिका आहे. २०१६ साली आम्ही फोंड्यात सदनिका घेतली, तेव्हा एका गृहवित्त कंपनीकडून २७ लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने काढले. यजमानांचा तेव्हा खनिज वाहतुकीचा व्यवसाय होता. २०१२ च्या खाणबंदीने पहिला ट्रक दोन-अडीच वर्षे दारात उभा राहिला होता, पण २०१५ मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या, पाळी-उसगावच्या रस्त्यावर गाड्या धावू लागल्या आणि त्या भरवशावर त्यांनी दुसरा टिपर कर्जाने घेतला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून खनिज काढणे थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांत आणि आमच्या फोंड्याच्या पूर्वेकडच्या गावांत त्यानंतर काय झाले, हे आपल्या वाचकांना मी सांगायला नको. आमच्या घरी जे झाले ते थोडक्यात असे की टिपरचे हप्ते थकले, फायनान्स कंपनीने गाडी ओढून नेली, ती लिलावात विकली आणि विक्रीची रक्कम वजा जाऊन ६ लाख ४० हजार रुपये यजमानांच्या नावावर शिल्लक राहिले. २०२० मध्ये ४ लाख १० हजार रुपये एकरकमी भरून आम्ही ते प्रकरण मिटवले. त्यासाठी माझ्या पाटल्या विकल्या. या सगळ्या काळात घराचा एकही हप्ता चुकला नाही आणि कोविडच्या काळात रिझर्व्ह बँकेने दिलेली हप्तेस्थगितीही आम्ही घेतली नाही.

'मिटवले' हा शब्द आपण घरात ज्या समाधानाने वापरतो, त्या अर्थाने पतअहवाल तो वापरत नाही. कर्जाचा पै न पै फेडला तर अहवालात ते खाते 'क्लोज्ड' दिसते. तडजोडीने कमी रक्कम घेऊन खाते बंद केले तर ते 'सेटल्ड' दिसते, आणि पुढचा प्रत्येक कर्जदाता त्याचा अर्थ 'या माणसाने कोणाचे तरी पैसे बुडवले' असाच घेतो. पतमाहिती कंपन्यांनी ही माहिती किमान सात वर्षे जपून ठेवायची असते. खाणबंदीनंतर एकरकमी परतफेडीला होकार देणाऱ्या किती ट्रकमालकांना सही करण्यापूर्वी हा फरक कोणी समजावून सांगितला असेल, याची मला शंका आहे. आम्हाला तरी कोणी सांगितला नव्हता. यजमान आता कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या वाहतूक विभागात नोकरीला आहेत आणि त्यांच्या नावावर आज एक रुपयाचेही थकीत कर्ज नाही. तरी ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर त्यांचा आकडा ६११ होता आणि माझा ७९२.

आता कर्ज हलवण्याची गरज का पडली, ते सांगते. आमचे कर्ज त्या कंपनीच्या स्वतःच्या आधारदराशी जोडलेले आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते, त्या दरासारख्या) बाहेरच्या मानकाशी जोडणे बंधनकारक केले, त्यामुळे बँकेचा ग्राहक असलेल्या माझ्या सहकाऱ्यांना रेपो दर कमी झाला की तीन महिन्यांच्या आत त्याचा लाभ मिळतो. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन लागू झाले नाही. २०२२-२३ मध्ये रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला तेव्हा आमचा दर तातडीने वाढला. हप्ता २५,४०० रुपये तसाच ठेवून मुदत वाढवण्यात आली, आणि ते मला कंपनीच्या पत्रातून नव्हे, तर वर्षअखेरीचे विवरणपत्र नीट वाचल्यावर कळले. २०२५ च्या फेब्रुवारीपासून रेपो दर उतरू लागला व जूनमध्ये साडेपाचवर आला, तरी आमचा दर १०.२५ टक्क्यांवरच होता. २१ लाख रुपये बाकी होते आणि २०३६ साली संपायचे कर्ज २०३७ पर्यंत लांबले होते.

एका राष्ट्रीयीकृत बँकेने मला तोंडी ७.७५ टक्के दर सांगितला. गणित शिकवणाऱ्या बाईला आकडेमोड दुसऱ्या कोणाकडून करून घ्यावी लागत नाही. बारा वर्षांसाठी २१ लाखांवर १०.२५ टक्क्यांनी हप्ता २५,४०० येतो आणि ७.७५ टक्क्यांनी तो सुमारे २२,४४५ येतो. महिन्याला २,९५५ रुपये, म्हणजे बारा वर्षांत सव्वाचार लाखांच्या आसपास फरक पडतो. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घेता येत नाही, त्यामुळे जुन्या कंपनीला काही द्यायचे नव्हते. नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, वकिलाचा अभिप्राय, मूल्यांकन आणि नव्या गहाणखताचे मुद्रांक शुल्क एवढाच खर्च होता आणि तो वर्षभरात वसूल झाला असता.

अर्ज भरताना शाखेतील अधिकाऱ्यांनी विक्रीखत पाहिले, त्यावर दोघांची नावे पाहिली आणि यजमानांचे पॅन कार्ड मागितले. मी एकटीच अर्जदार आहे, असे सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, मालक दोघे आहेत, म्हणजे अर्जदारही दोघेच हवेत." आठ दिवसांनी फोन आला की यजमानांच्या अहवालामुळे फाईल वर गेलीच नाही. दुसऱ्या बँकेत मी आधीच विचारले की समजा विक्रीखत माझ्या एकटीच्या नावावर असते तर चालले असते का, आणि त्यांनी सांगितले की गोव्यात तसेही चालत नाही, कारण नाव कोणाचेही असले तरी जोडीदाराचा हिस्सा असतोच. कायदा म्हणून त्यांचे हे विधान अगदी बरोबर होते.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हे कदाचित नवे वाटेल. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतरही १९६२ च्या प्रशासन कायद्याने येथे चालू राहिली. तिच्यानुसार, लग्नापूर्वी नोंदणीकृत करार करून दुसरी पद्धत स्वीकारली नसेल, तर विवाहाबरोबर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र होते आणि त्या साऱ्यात प्रत्येकाचा अविभक्त अर्धा वाटा असतो. मग ती माहेरून आलेली असो, वारशाने मिळालेली असो किंवा स्वतःच्या कमाईतून घेतलेली असो. एकाच्या सहीने घर विकता येत नाही आणि गहाणही ठेवता येत नाही. लग्नानंतर ही पद्धत बदलता येत नाही. माझी धाकटी बहीण लग्न होऊन सावंतवाडीला गेली. पत्रादेवीचा नाका ओलांडला की सगळेच वेगळे होते, कारण तिचा फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिने आपले कर्ज बँक बदलून घेतले तेव्हा तिच्या यजमानांचे आधार कार्डसुद्धा कोणी मागितले नाही.

तरी मला आपला कायदा नको आहे, असा अर्थ कोणी काढू नये. याच कायद्यामुळे गोव्यातील बाईला नवरा परस्पर घराबाहेर काढू शकत नाही, परस्पर घर विकू शकत नाही, आणि तिच्या नावावर एक चौरस मीटर जमीन नसली तरी ती अर्ध्याची मालकीण असते. माझ्या आईने वडिलांच्या माघारी याच आधारावर आपले घर राखले. म्हणूनच, बायकांच्या रक्षणासाठी असलेल्या या तरतुदीचा उपयोग कमावत्या बाईला महाग कर्जात अडकवून ठेवण्यासाठी होतो, याचे मला फार वाईट वाटते.

मालकाची संमती आणि कर्जदाराची जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली मालमत्ता गहाण ठेवता येते, हे भारतीय कायद्याला परके नाही. वडील मुलाच्या धंद्यासाठी घर गहाण ठेवतात तेव्हा वडील कर्जदार नसतात, गहाण देणारे असतात. यजमानांनी गहाणखतावर संमती देणारा सहमालक म्हणून सही केली तर बँकेचा वसुलीचा हक्क तसूभरही कमी होत नाही. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या २००२ च्या सरफेसी कायद्यात 'कर्जदार' या शब्दाच्या व्याख्येतच गहाण देणारी व्यक्ती धरलेली आहे, म्हणजे हप्ते थकले तर बँक त्यांच्या अर्ध्या हिश्श्यासकट संपूर्ण सदनिकेवर कारवाई करू शकते. गहाणाची नोंद सरसाईच्या केंद्रीय नोंदवहीत झाली की इतर धनकोंच्या आधी बँकेचा हक्क लागतो. मग त्या सहीच्या मोबदल्यात यजमानांचा सिबिल स्कोअर कशासाठी हवा? परतफेड माझ्या पगारातून व्हायची आहे आणि तारण पूर्ण घराचे आहे. त्यांच्याकडून बँकेला संमतीखेरीज काहीच नको आहे.

यावर एका बँकेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मला जे उत्तर दिले, ते प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ते म्हणाले की यजमानांचे दुसरे कोणी धनको उद्या न्यायालयात गेले आणि त्यांच्या हिश्श्यावर जप्ती मागू लागले, तर बँकेचा हक्क वरचढ असला तरी बँकेला वर्षानुवर्षे वकील उभा करावा लागतो. शिवाय घटस्फोट किंवा मृत्यू झाल्यास इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेच्या वाटणीचा, दावा चालतो, त्यातही बँक ओढली जाते. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणजे यजमानांच्या नावावर आज काही थकीत आहे का, कोणता दावा प्रलंबित आहे का, हे तपासणे आणि फार तर त्यांचे प्रतिज्ञापत्र घेणे हा आहे. सहा वर्षांपूर्वी मिटलेल्या एका ट्रकच्या खात्यावरून तयार झालेला आकडा त्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. दुसरे असे, की त्यांच्या हिश्श्याची ही जोखीम जुन्या कंपनीच्या कर्जातही होतीच आणि त्या कर्जाचे नऊ वर्षांचे न चुकलेले हप्ते दोघांच्याही अहवालात स्पष्ट दिसतात.

आयकर खात्याने गोव्याच्या या पद्धतीची दखल कशी घेतली आहे, हेही येथे पाहण्यासारखे आहे. आयकर कायद्यानुसार येथील पती-पत्नींचे भाडे, व्याज, धंदा असे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे वाटले जाते, पण पगार त्यातून वगळला आहे. पगार ज्याचा त्याचाच. विवरणपत्रात त्यासाठी वेगळी अनुसूची आहे आणि ती आम्ही दरवर्षी भरतो. केंद्र सरकारच्या एका खात्याला गोव्यासाठी वेगळा रकाना आखता आला, तर येथे अनेक दशके शाखा चालवणाऱ्या बँकांना अर्जाच्या नमुन्यात 'संमती देणारा जोडीदार' असा एक रकाना का आखता येऊ नये?

या काळात मला जे सल्ले मिळाले, त्यांपैकी काही सांगते, कारण इतरांनाही ते मिळत असणार. एका दलालाने सुचवले की यजमानांचा हिस्सा बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून घ्यावा. एकत्र मालमत्तेच्या पद्धतीत नवऱ्याने बायकोला दिलेली मालमत्ता पुन्हा त्याच एकत्र गाठोड्यात येते, त्यामुळे हा खर्च निरर्थक आहे, आणि डोक्यावर देणी असताना असे केले तर धनकोंना फसवण्यासाठी केले असा आरोपही येऊ शकतो. दुसऱ्याने तर कागदोपत्री वेगळे व्हा, असे सुचवले. नवरा संसाराची मालमत्ता उधळत असेल तर पत्नीला न्यायालयामार्फत मालमत्तेची विभागणी मागता येते, हे खरे आहे. परंतु माझ्या यजमानांनी काही उधळले नाही. त्यांचा धंदा एका न्यायालयीन निर्णयाने एका दिवसात बंद पडला. व्याजाचे दोन-अडीच टक्के वाचवण्यासाठी मी त्यांना उधळ्या ठरवून न्यायालयात उभे करावे, ही कल्पनाच मला सहन झाली नाही.

तिसरा सल्ला मात्र उपयोगाचा निघाला. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून दरवर्षी एक संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि आपणच आपला अहवाल पाहिल्याने स्कोअर घटत नाही. अशा चार कंपन्या देशात आहेत, सिबिल ही त्यांतली एक. यजमानांचा अहवाल आम्ही प्रथमच नीट वाचला तेव्हा टिपरचे तेच एक कर्ज दोनदा नोंदलेले दिसले, एकदा 'सेटल्ड' म्हणून आणि एकदा 'राइट-ऑफ' (बुडीत) म्हणून, आणि दुसऱ्या नोंदीत तर सारी रक्कम अजून येणे दाखवली होती. आम्ही ऑनलाइन तक्रार केली, तडजोडीचे पत्र आणि पैसे भरल्याची पावती जोडली. अशी तक्रार तीस दिवसांत निकालात निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आमची नोंद सव्विसाव्या दिवशी दुरुस्त झाली आणि स्कोअर ६४८ झाला. बँकेला तो तरीही पुरला नाही, पण पाच वर्षे एक खोटे देणे त्यांच्या नावावर फिरत होते, ते तरी उतरले. तडजोड केलेल्या प्रत्येक ट्रकमालकाने आपला अहवाल एकदा काढून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मीही एक चूक केली, ती इतरांनी करू नये. मी तीन बँकांत लागोपाठ अर्ज दिले, तिघांनी आमचे अहवाल मागवले आणि त्या चौकश्यांमुळे माझा स्वतःचा स्कोअर ७९२ वरून ७७८ वर आला. अर्ज देण्याआधी, जोडीदाराची अट काय आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

'सेटल्ड'चे 'क्लोज्ड' करून घेण्याचा मार्गही आहे. सोडून दिलेली रक्कम, म्हणजे आमच्या बाबतीत २ लाख ३० हजार, त्या फायनान्स कंपनीला भरून ना-देय दाखला घ्यायचा आणि नोंद बदलून घ्यायची. यजमान त्यासाठी तयार होते. मीच थांबवले, कारण ती रक्कम घरातून एकदम जाणार होती, व्याजाची बचत मात्र बारा वर्षांत थोडी थोडी मिळणार होती, आणि मुलीचे अभियांत्रिकीचे शुल्क समोर होते.

शेवटी मी जुन्याच कंपनीला पत्र लिहून, नव्या ग्राहकांना तुम्ही देता तो दर मला का नाही, असे विचारले. त्यांनी रूपांतर शुल्क घेऊन दर कमी करण्याची योजना दाखवली, जी असल्याचे त्यांनी नऊ वर्षांत आपणहून कधी सांगितले नव्हते. बाकी रकमेच्या अर्धा टक्का आणि त्यावर जीएसटी मिळून १२,३९० रुपये भरल्यावर दर ८.७५ टक्के झाला आणि हप्ता सुमारे २३,६०० वर आला. महिन्याला अठराशे रुपये वाचले, शुल्क सात महिन्यांत वसूल झाले. ज्यांना कर्ज हलवता येत नाही, त्यांनी हा मार्ग जरूर वापरावा, कारण त्यात नवा कर्जदार, नवे गहाण आणि जोडीदाराची नवी तपासणी यांतले काहीच लागत नाही. परंतु बँकेने सांगितलेल्या दराशी तुलना केली तर आजही मी दरमहा साडेअकराशे रुपये अधिक देते आणि बारा वर्षांत ते एक लाख ६५ हजारांच्या पुढे जातात. २०२५ च्या डिसेंबरमध्ये रेपो दर सव्वापाचवर आला, म्हणजे ही दरी आणखी रुंदावली असणार.

मी लोकपालाकडे का गेले नाही, असे काही जण विचारतील. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्ध तक्रार चालत नाही, आणि कर्ज द्यावे की देऊ नये हा तसाच निर्णय मानला जातो. म्हणून हा प्रश्न एकेका तक्रारीने सुटणारा नाही, तो धोरणाचा आहे. राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत राज्य सरकारचे अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे प्रतिनिधी आणि सर्व बँका एकत्र बसतात. गोव्यात पोर्तुगीज संहितेखालील जोडीदाराला केवळ गहाणाला संमती देणारा सहमालक म्हणून घेता यावे, त्याचे उत्पन्न धरले नसेल तर त्याचा स्कोअरही धरू नये आणि थकीत देणी व दावे एवढेच तपासावेत, असा ठराव या समितीने करावा, ही माझी मुख्य मागणी आहे. तसेच, अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवण्याची रिझर्व्ह बँकेची सूचना जुनी आहे, तरी मला तीनपैकी एकाही बँकेने कागद दिला नाही, तीनही नकार फोनवर आले. लेखी कारण हाती असते तर समितीपुढे ठेवायला माझ्याकडे अनुभवाहून अधिक काही असते.

एक मागणी विवाह नोंदणीबाबतही आहे. आपल्याकडे लग्नाची 'पहिली सही' आणि 'दुसरी सही' या दोन्हींसाठी वधूवर तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात जातात. मी आणि यजमान गेलो तेव्हा आमच्या मालमत्तेचे पुढे काय होणार आणि त्याआधी कोणता करार करता येतो, याबद्दल कोणी एक वाक्यही बोलले नाही. पहिल्या सहीच्या वेळी मराठी आणि कोकणीत छापलेले एक पान हातात द्यायला सरकारला फार खर्च येणार नाही. माझे विद्यार्थी काही वर्षांत त्याच कार्यालयात जाणार आहेत.

यजमानांनी हे पत्र वाचले आहे आणि त्यांच्या व्यवसायाची, तडजोडीची व स्कोअरची माहिती त्यांच्या संमतीने दिली आहे. सहकर्जदार म्हणून त्यांना नाकारणाऱ्या बँकेने संमती देणारा सहमालक म्हणून त्यांची सही घ्यावी, या विनंतीचा लेखी अर्ज मी पहिल्या बँकेच्या विभागीय कार्यालयाला गेल्या आठवड्यात पाठवला असून, त्यासोबत त्यांचे प्रतिज्ञापत्र, दुरुस्त झालेला अहवाल आणि तडजोडीची पावती जोडली आहे. त्यावर जे उत्तर येईल, ते होकाराचे असो वा नकाराचे, आपल्या वाचकांसाठी कळवीन.

आपली नम्र,
एक शिक्षिका,
फोंडा, गोवा